पदराची उलटी बाजू

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं. बोलणाऱ्या ताई येवला तालुक्यात पैठणी विणतात. त्यांची बोलण्याची पद्धत होती तशीच ठेवली आहे.)



आपल्या कार्यक्रमातल्या ताई मागच्या आठवड्यात घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "मागावर बसून तुम्ही काय शिकलात, त्यावर बोला." मी म्हटलं, पैठणी विणायला शिकले, आणखी काय शिकणार? त्या हसल्या. म्हणाल्या, "तसं नाही हो. मनाचं काही सांगा. लोक म्हणतात विणकाम म्हणजे ध्यान, साधना." तेव्हापासून चार दिवस विणता विणता तोच विचार चालू आहे. साधना वगैरे मोठे शब्द माझ्या तोंडी बसत नाहीत. पण मागाने मला काही गोष्टी शिकवल्या हे खरं आहे. आणि एक गोष्ट त्याने शिकवली नाही, ती बाहेरून शिकावी लागली. दोन्ही सांगते.

आधी माग कसा असतो ते सांगू द्या, कारण ऐकणाऱ्या सगळ्यांनी तो जवळून पाहिलेला नसणार. आमचा खड्ड्याचा माग. जमिनीत पाय सोडून बसता येईल एवढा खड्डा असतो. काठावर बसायचं, पाय आत सोडायचे, पायाखाली पावड्या. समोर लांबपर्यंत रेशमाचे उभे धागे ताणलेले, तो ताणा. एक पावडी दाबली की निम्मे धागे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात, आणि मधे फट पडते. त्या फटीतून धोटा इकडून तिकडे जातो आणि मागे आडवा धागा सोडतो, तो बाणा. मग फणी ओढून ठोकायची, म्हणजे आडवा धागा आपल्या जागी घट्ट बसतो. पुन्हा दुसरी पावडी, पुन्हा धोटा, पुन्हा फणी. साडीच्या अंगाचं काम असं चालतं. ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा घेतला की कापड हलवल्यावर रंग बदलतो. त्याला धूपछाँव म्हणतात.

पदराचं काम मात्र वेगळं. तिथे धोटा एका दमात आरपार जात नाही. मोराच्या मानेचा निळा, चोचीचा लाल, पानाचा हिरवा आणि मधली जर, प्रत्येक रंगाची वेगळी बारीक कांडी असते. पदराच्या रुंदीवर अशा कितीतरी कांड्या एकाच वेळी लोंबत असतात. ताण्याच्या तारा मोजायच्या, इतक्या तारांखालून हिरवी कांडी, पुढच्या इतक्या तारांखालून लाल, असं हाताने एकेक ओळ भरत जायचं. भरगच्च पदर असेल तर दिवसभर बसून बोट-दोन बोटं पुढे सरकतो. साध्या काठाची साडी काही आठवड्यांत उतरते, भारी पदराची कित्येक महिने मागावर असते.

पैठण हे आपलं गोदाकाठचं जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. पैठणीला नाव त्या गावाचं मिळालं. पेशव्यांच्या काळात तिला मोठा मान होता. आज जास्त माग आमच्या येवल्यात आणि आसपासच्या गावांत चालतात. रेशीम बहुतेक बंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. इतिहास एवढा पुरे, तो पुस्तकात सापडेल. मला सांगायचं आहे ते खड्ड्यात पाय सोडून बसल्यावरचं.

लग्न होऊन आले तेव्हा मला मागाचं काही कळत नव्हतं. पहिली दोन वर्षं मी फक्त रेशीम उकलायचं आणि कांड्या भरायचं काम केलं. सासूबाईंनी मागावर बसवलं तेव्हा पहिल्याच दिवशी सात-आठ तारा तोडल्या. मला वाटायचं, ताणा जितका घट्ट तितकं कापड छान. सासूबाई म्हणाल्या, "धाग्याशी भांडू नकोस." जास्त ताणला तर तार तुटते. सैल सोडला तर कापडाला लाटा येतात आणि मोर बसका दिसतो. नेमका ताण किती हे सांगता येत नाही. ताण्यावर तळहात ठेवून ते कळतं, आणि कळायला वर्ष जातं. हवा बदलली की तेही बदलतं. पावसाळ्यात वेगळं, चैत्रात वेगळं.

संध्याकाळी उठताना सासूबाई ताणा थोडा सैल करायला लावत. मला ते काम वाढवल्यासारखं वाटायचं, कारण सकाळी पुन्हा ताणावाच लागतो. त्या म्हणायच्या, रात्रभर ताणलेला धागा सकाळी दमलेला असतो. आता माझं वय पंचेचाळीस झालं. चूल, माग, मुलाची परीक्षा, गटाचा हप्ता, सगळं एकाच वेळी ओढून धरलेलं असतं. रात्री अंथरुणावर पडले तरी डोक्यातला ताणा तसाच. मग आठवतं की रेशमाला जी सवलत आपण देतो ती स्वतःला देत नाही. मी काही त्यातून सुटलेले नाही. पण आठवतं, एवढं खरं.

आता ध्यानाचं सांगते. पाहुणे येतात, आम्हाला विणताना बघतात आणि म्हणतात, किती शांत वाटत असेल. शांत कसलं! मन जाग्यावर नसतंच. डाळ शिजायला ठेवली आहे, आईचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आहे, कालचं कोणाचं बोलणं मनाला लागलं आहे. मन निघून जातं आणि हात चालू राहतात. मग तार चुकते. जपमाळेचा एखादा मणी सुटला तर कोणाला कळत नाही. मागावर तार सुटली तर पुढच्याच ओळीत मोराची मान वाकडी होते. म्हणजे मन भरकटलं हे सांगायला तिथे दुसरं कोणी लागत नाही. परत यायचं, पहिल्यापासून मोजायचं. पुन्हा जाणार, पुन्हा आणायचं. दिवसात पन्नास वेळा. मन जाणारच नाही असं मला वीस वर्षांत जमलं नाही. गेलेलं लवकर ओळखू यायला लागलं, एवढीच कमाई.

आपल्याकडे काम आणि भक्ती यांची जोडी जुनी आहे. सावता माळ्यांचा मळा, जनाबाईंचं जातं, गोरोबाकाकांचं चाक. काशीचे कबीर तर विणकरच होते, आणि देहाला त्यांनी विणलेल्या चादरीचीच उपमा दिली. कर्नाटकातले दासिमय्या हेही विणकर. कोष्टी, साळी, पद्मशाली, विणणाऱ्या प्रत्येक समाजाचा आपला देव आहे. कोणी चौंडेश्वरीला मानतो, कोणी जिव्हेश्वरांना, कोणी मार्कंडेयांना. हे सगळं मला प्रिय आहे. पण एक बोलू का? गोरोबाकाकांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ते नामात इतके दंग झाले की माती तुडवताना स्वतःचं तान्हं मूल पायाखाली आलेलं कळलं नाही. कीर्तनात ती गोष्ट आली की लोक डोळे पुसतात. मी त्यांच्या बायकोचा विचार करत बसते. पाण्याला गेलेली ती बाई परत आली तेव्हा तिचं काय झालं असेल? मागावर असं दंग होऊन चालत नाही. मागाला हरवलेली बाई नको असते. कुठली तार कुठे आहे हे जिला माहीत आहे अशी, जागेवर असलेली बाई लागते. माझ्यापुरतं मी यालाच भक्ती समजते.

आता माझ्या चुकीची गोष्ट. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील. बांगडी-मोराचा पदर विणत होते. बांगडीच्या गोलात मोर असतात, ते काम अवघड. एके ठिकाणी दोन तारा कमी मोजल्या गेल्या. तेव्हा कळलं नाही. तीन दिवसांनी, चार बोटं काम पुढे गेल्यावर दिसलं की एका बाजूची बांगडी अंडाकृती व्हायला लागली आहे. साडी द्यायची तारीख जवळ आली होती. मी पुढे दोन तारा वाढवून गोल सावरायचा प्रयत्न केला. त्याने शेजारचं पान दबलं. ते सावरायला गेले तर काठ सरकला. रात्री जेवताना घास उतरेना, पण मी बोलले नाही. कोणाला दिसणार आहे, असं स्वतःला सांगत होते.

सकाळी सासूबाई मागाजवळ आल्या. त्यांनी वरून पाहिलंच नाही. पदराच्या खालून हात घातला आणि उलट्या बाजूवरून बोटं फिरवली. बोटं बरोबर त्या जागेवर थांबली.

खऱ्या हातमागाच्या पैठणीची ओळख इथेच असते, मैत्रिणींनो. पदर उलटून बघा. सुलट्या बाजूला जो मोर, तोच उलट्या बाजूला, तितकाच स्वच्छ. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच जातो आणि तिथूनच परत फिरतो, म्हणून मागे लोंबणारे धागे नसतात. यंत्रावर किंवा दुसऱ्या पद्धतीने केलेल्या पदराच्या मागे बहुधा धाग्यांचं जाळं दिसतं, नाहीतर कापलेली टोकं दिसतात. साडी घेताना दुकानदार पुढून दाखवतो, तुम्ही मागून बघायला मागा.

तर सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "किती दिवसांचं आहे?" मी म्हटलं, तीन. त्या म्हणाल्या, "मग आज-उद्या उसवू." आणि माझ्या शेजारी बसल्या. उसवणं हे विणण्यापेक्षा जिकिरीचं. रेशीम परत निघतं तरी, पण जर एकदा वाकली की ती पुन्हा तितकी चांगली बसत नाही. ती वाया गेली. पैसे वाया गेले. तारीख चुकली आणि त्याचंही बोलणं खाल्लं. मी उसवता उसवता रडत होते. त्या मात्र एखादं निवडणं-टिपणं चालावं तशा शांतपणे धागे काढत होत्या.

तेव्हा मला वाटलं, प्रत्येक चूक उसवायची असा त्यांचा नियम आहे. पण तसं नव्हतं. पुढे एकदा पानाचा हिरवा रंग मधेच किंचित फिका आला, लडी बदलली होती. मी घाबरून उसवायला घेतलं तर त्यांनीच थांबवलं. म्हणाल्या, "राहू दे. ही चूक जिथे आहे तिथेच बसणार आहे. ती दोन तारांची चूक चालत होती." दोन तारा कमी पडल्या की त्यापुढची प्रत्येक ओळ त्या दोन तारांनी सरकत जाते. फिका रंग कुठे जात नाही.

हे मला फार कामाला आलं. घरात, गटात, सगळीकडे. काही चुका जिथल्या तिथे बसतात. भाजीत मीठ जास्त पडलं, कोणाला रागाने एक शब्द जास्त बोललो. त्या धरून बसण्यात अर्थ नाही. काही चुका चालतात. गटाच्या हिशेबात एकदा पन्नास रुपयांचा मेळ लागला नाही आणि आम्ही तो "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ओढला, तर सहा महिन्यांत कोण कोणाला किती देणं लागतं हेच कळेना. शेवटी एका रविवारी वही पहिल्या पानापासून उलगडत बसलो. तेही उसवणंच. दोघी जणी रुसल्या, एक गट सोडून गेली. पहिल्या महिन्यात उसवलं असतं तर अर्धा तास लागला असता.

गटावरून आठवलं. पदरात दोन रंग जिथे भेटतात तिथे काय होतं, माहीत आहे? लाल धागा आपल्या हद्दीपर्यंत येतो, हिरवा त्याच्या हद्दीपर्यंत. दोघं आपापल्या जागी नुसते परत फिरले तर मधे चीर राहते, प्रकाशाकडे धरली तर आरपार दिसते. म्हणून परत फिरताना दोघांना एकमेकांत अडकवून घ्यायचं. एवढासाच अडकाव. लाल हिरव्यात शिरत नाही, हिरवा लालमधे जात नाही, आणि तरी कापड एकसंध होतं. सुनेला पूर्ण आपल्यासारखी करायला निघालेल्या सासवांनी हे एकदा बघून जावं. माझ्या सासूबाईंनी ते मागावर पाहिलेलं होतं म्हणून असेल, मला त्यांनी माहेरच्या पद्धतीची आमटी करू दिली.

आता सांधणी. याबद्दल जरा सविस्तर बोलते.

एका ताण्यावर दोन-चार साड्या निघतात. शेवटची साडी उतरली की ताणा संपतो. पण तो पूर्ण काढून टाकत नाहीत. फणीच्या दातांतून ओवलेली जुन्या ताण्याची टोकं तशीच ठेवतात. मग नवा ताणा आणायचा आणि नव्या एकेका तारेचं टोक जुन्या तारेच्या टोकाला पीळ देऊन जोडायचं. चिमटीत किंचित राख घ्यायची म्हणजे बोटं घसरत नाहीत. अशा हजारो तारा. पहिली पहिलीला, दुसरी दुसरीला. एक जरी ओलांडली गेली तर पुढे गुंता होतो. सगळ्या जोडून झाल्या की जुनी टोकं हळूहळू पुढे ओढायची. त्यांच्यामागे नव्या तारा आपोआप फणीतून ओवल्या जातात. जुन्या धाग्याने नव्याला वाट दाखवली की त्याचं काम झालं.

आमच्या घरात पूर्वी बायका मागावर बसत नव्हत्या. रेशीम उकलणं, कांड्या भरणं आणि सांधणी ही कामं बायकांची. माग पुरुषाचा. सासूबाई बत्तीस वर्षांच्या होत्या तेव्हा सासरे गेले. अचानकच. मागावर साडी होती, अंग विणून झालेलं, पदर निम्मा. तीन महिने माग तसाच उभा होता. सासूबाई सांगतात, "रोज झाडताना त्या खड्ड्याकडे बघायचं नाही असं ठरवायचे आणि रोज बघायचे." लोक सांगत होते, माग विकून टाका, शिलाई मशीन घ्या. दीर म्हणाले, पदर दुसऱ्या कारागिराकडून पुरा करून घेऊ. एका पहाटे मुलं उठायच्या आत त्या खड्ड्यात उतरल्या. तोपर्यंत पंधरा वर्षं त्यांनी कांड्या भरल्या होत्या आणि बसल्या जागेवरून प्रत्येक ओळ पाहिली होती. हाताला सवय नव्हती, पण डोळ्याला सगळं येत होतं.

तो पदर त्यांनी पुरा केला. त्या स्वतःच सांगतात की निम्मा पदर सासऱ्यांचा आणि निम्मा त्यांचा, आणि जोड कुठे आहे ते उलट्या बाजूवरून त्यांना कळतं. सासऱ्यांचा हात जड होता, फणी जोरात बसायची. त्यांचा हलका. साडी विकली गेली, ज्या बाईने घेतली तिला यातलं काही माहीत नाही. त्यानंतर नवा ताणा आला, त्याची सांधणी त्यांनी एकटीने केली. अडीच दिवस लागले. "सांधणी करताना रडू आलं नाही," त्या म्हणतात. "प्रत्येक तारेला तिची तार शोधून द्यायची होती, वेळच नव्हता."

दुःखावर हाच उपाय आहे असं मी म्हणणार नाही. पण दुःखात असलेल्या बाईला "विसर आता" म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सासूबाई काही विसरल्या नाहीत. जुनी टोकं त्यांनी कापली नाहीत.

आता मागाने मला जे शिकवलं नाही ते.

काही वर्षांपूर्वी एक व्यापारी साडी न्यायला आले होते. कोण ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. भरलेला पदर बघून हात जोडले. म्हणाले, "वहिनी, ही तपश्चर्या आहे. ही साधना आहे." मला भरून आलं. मग पैशाचं बोलणं निघालं आणि ठरलेल्यापेक्षा कमी आकडा आला. मी म्हटलं, भाऊ, एवढे दिवस लागले. ते हसून म्हणाले, तपश्चर्येचा का कुठे हिशेब असतो? आणि मी गप्प बसले! मला वाटलं, हिशेब मागितला तर माझी साधना लहान होईल.

रात्री झोप आली नाही. मी किती दिवस बसले ते मला सांगता आलं असतं. पण सासूबाईंनी रेशीम किती तास उकललं? मुलीने शाळेतून येऊन किती कांड्या भरल्या? सांधणीचे दिवस? उसवल्याचे? हजारो तारा मोजणाऱ्या आम्ही, आणि स्वतःचे तास आम्ही कधी मोजलेच नव्हते.

पुढे आमच्या गटाला प्रशिक्षणासाठी वर्ध्याकडे नेलं होतं. तिथे एक गोष्ट कळली. सूत कातण्याला यज्ञ म्हणणारे गांधीजी, त्यांच्याच आग्रहाने १९३५ साली चरखा संघाने ठरवलं की कातणाऱ्या बायांना पोट भरेल अशी मजुरी मिळाली पाहिजे. खादी महाग होईल, विक्री घटेल, असं म्हणणारे तेव्हाही होते. गांधीजींना तर आठ तासांच्या कामाला आठ आणे द्यावेत असं वाटत होतं. आणि विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला स्वतः दिवसभर कातून, त्या मजुरीत माणूस जगतो का, हे जगून पाहिलं. म्हणजे ज्यांनी या कामाला सर्वांत पवित्र म्हटलं, त्यांनीच त्याचा आण्यांत हिशेब केला. मला फार धीर आला. पवित्र काम आहे म्हणून कमी पैसे, हे कोणी संतांनी सांगितलेलं नाही. ते घेणाऱ्याने सांगितलेलं आहे.

परत आल्यावर आम्ही गटातल्या नऊ जणींनी एक साधी वही केली. रोज संध्याकाळी लिहायचं: कोणी, कोणतं काम, किती वेळ. विणणं, कांड्या भरणं, उकलणं, सांधणी, उसवणं, सगळं वेगळं. पहिल्या महिन्यात घरचे हसले. दुसऱ्या महिन्यात माझ्या नवऱ्याने, जो स्वभावाने चांगला आहे पण बोलका नाही, तोही माग चालवतो, वही हातात घेतली आणि बराच वेळ वाचत बसला. एका साडीच्या तासांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा मागाबाहेरचा निघाला होता. तो बहुतेक आम्हा बायकांचा, आणि त्याला आजवर "घरातलं काम" म्हणत होतो. आता भाव ठरवताना वही समोर असते. दर वेळी मनासारखा भाव मिळतो असं नाही, खोटं कशाला सांगू? एकदा साडी परत आणावी लागली आणि दोन महिने घरात पडून राहिली. पण गप्प बसून दिली नाही.

देशात २०१९-२० मधे हातमागाची जी गणना झाली, तिच्यात विणकर आणि पूरक कामं करणारे मिळून ३५ लाखांहून जास्त माणसं मोजली गेली. त्यात ७० टक्क्यांहून जास्त बायका आहेत. तेव्हा ज्या मैत्रिणी विणतात किंवा विणण्याला लागणारी कामं करतात, त्यांनी विणकर ओळखपत्र स्वतःच्या नावाने आहे का ते बघा. योजना, कर्ज, विमा, सगळीकडे ते विचारतात. नवऱ्याचं आहे म्हणून आपलं झालं असं समजू नका. आणि ज्या विणत नाहीत, पापड लाटतात, गोधड्या शिवतात, त्यांनीही ती वही महिनाभर लिहून बघा. कोणाला दाखवायची गरज नाही.

शरीराचंही सांगते, कारण साधनेच्या गप्पांत ते राहून जातं. तासाला एकदा खड्ड्यातून उठायचं. दिवा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी हवा. चाळिशीनंतर वर्षाला एकदा डोळे तपासायचे. माझ्या सासूबाईंनी यातलं काही केलं नाही, कोणी सांगितलंच नाही. आज त्यांना समोरचं माणूस धूसर दिसतं. पाठ वाकली आहे.

पण मागाजवळ येतात. रोज, चहा झाल्यावर. भिंतीला धरून येतात, काठावर बसतात आणि पदराखालून हात घालतात. कालच बोटं फिरवता फिरवता थांबल्या. म्हणाल्या, "इथे एक तार सैल आहे." मी वरून पाहिलं, मला काही दिसेना. मुलीने मोबाईलचा उजेड खालून धरला. होती.